शोकेसमधली पिन आणि हजिऱ्याची तोफ

सुरत म्हटले की आपल्याकडच्या बायकांना साड्या आठवतात, शाळेतला इतिहास आठवणाऱ्यांना शिवरायांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात, आणि खवय्ये मंडळी 'सुरतचे जेवण अन् काशीचे मरण' ही गुजराती म्हण ऐकवतात. माझीही सुरत एवढीच होती. मामेभावाच्या मुलीच्या बारशाला गेले आणि आणखी एक सुरत कळली. ती लोखंडाची होती.

मामेभाऊ बेळगावचा. आयटीआय करून टर्नर झाला, काही वर्षे उद्यमबागेत काढली आणि पुढे सुरतेला गेला. त्याचे बिऱ्हाड लिंबायत भागात आहे. या भागात आणि शेजारच्या उधन्यात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे इतकी आहेत की दुकानाची पाटी गुजरातीत आणि गिऱ्हाइकाचे बोलणे अहिराणीत, असा प्रकार. आमची मामी मूळची गोकाकची. तिचे बोलणे अर्धे कानडी, अर्धे मराठी. नातीच्या पाळण्याशी तिने कानडीत सुरुवात केली आणि शेजारणींनी अहिराणीत शेवट केला. बारसे झकास झाले.

दुपारी पानसुपारी झाल्यावर माझे लक्ष शोकेसकडे गेले. ताजमहाल, बाहुली, लग्नातला फोटो, आणि त्यांच्या मधोमध बोटभर लांबीची एक पोलादी पिन. तिला एका टोकाला लाल रंग फासलेला.

"हा कसला रे शोपीस?" मी विचारले.

"रिजेक्ट पीस आहे, ताई. माझ्याच हातचा. बाबांनी रिजेक्ट केलेला."

मामा पलीकडे बसून सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिले नाही. त्या पिनेची गोष्ट मला संध्याकाळी कळली, तीही मामीकडून. पण ती कळायला आधी दुसरे बरेच काही समजून घ्यावे लागले. ते आधी सांगते.

सुरतेची तोफ

सुरतेच्या पश्चिमेला, तापी नदी समुद्राला मिळते तेथे हजिरा आहे. तेथे लार्सन अँड टुब्रो कंपनीचा मोठा कारखाना आहे. त्याच आवारातला रणगाडे आणि तोफांचा विभाग १९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. 'के-९ वज्र' ही तोफ येथे तयार होते. ती रणगाड्यासारखी स्वतःच्या पट्ट्यांवर धावते, थांबते, गोळा टाकते आणि शत्रूचा उलटा मारा येण्याआधी जागा सोडते. मूळ आराखडा दक्षिण कोरियाचा. २०१७ मध्ये सुमारे साडेचार हजार कोटी रुपयांचा, शंभर तोफांचा करार झाला. पहिल्या दहा तोफांचे सुटे भाग कोरियातून आले आणि येथे जोडले गेले. उरलेल्या नव्वद इकडे बनल्या.

या तोफेचे मराठी मुलुखाशी नाते आहे. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी ती लष्करात दाखल झाली ती नाशिकजवळच्या देवळालीत. शंभरावी तोफ १८ फेब्रुवारी २०२१ रोजी हजिऱ्याहून निघाली, तेव्हा तिला झेंडा दाखवायला लष्करप्रमुख म्हणून जनरल मनोज नरवणे आले होते. त्याच वर्षी काही तोफा लडाखच्या उंचीवर नेण्यात आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये याच तोफांसाठी ७,६०० कोटींहून अधिक रकमेचा दुसरा करार झाला.

मला सर्वांत मोठी वाटली ती एक वेगळीच संख्या. अशा एका तोफेत १३ हजारांहून अधिक प्रकारचे भाग लागतात, आणि ते पुरवायला सुमारे एक हजार उद्योग राबतात, असे कंपनीने जाहीर केले होते. त्यांतले बहुतेक लहान आणि मध्यम. गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडू या चार राज्यांत ते पसरलेले आहेत. चारांपैकी दोन राज्ये तर आपलीच. म्हणजे तोफ हजिऱ्याची असली तरी तिची पिन, बुश, नट, वॉशर कुठल्या तरी गल्लीतल्या, चार लेथ आणि एक सीएनसी असलेल्या शेडमधून आलेले असतात.

"तुझे भाग जातात का रे त्या तोफेत?" मी मामेभावाला विचारले. तो हसला. "आमच्या ड्रॉइंगवर फक्त नंबर असतो, ताई. कुठं जातंय ते सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. आपण असं समजायचं की प्रत्येक जॉब कुणाच्या तरी जिवाला बांधलेला आहे."

नळीतला पीळ

तोफ आणि रायफल यांत फरक आकाराचा. नळीच्या आतली विद्या मात्र एकच आहे. आपण सगळ्यालाच बंदूक म्हणतो, पण जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी आत ठेचकाळत बाहेर पडे आणि हवेत वाट्टेल तिकडे जाई. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात. भोवरा फिरत असेतोवर टोकावर उभा राहतो, थांबला की पडतो. तसेच गोळीचे. फिरकी मिळाली की ती सरळ जाते.

हा पीळ पाडायचा कसा? आधी पोलादाची सळई घेऊन तिच्या आरपार लांब भोक पाडावे लागते. साधे ड्रिल एवढे लांब सरळ जात नाही. त्यासाठी खास लांब ड्रिल असते. त्याच्या पोटातून दाबाने तेल सोडतात आणि ते तेल लोखंडाचा कीस बाहेर वाहून आणते. मग रीमर फिरवून भोक मापात आणायचे, होनिंग करून गुळगुळीत करायचे. त्यानंतर खाचा. जुन्या पद्धतीत आकड्यासारखे टूल एकेक खाच थोडीथोडी कापत नेते. दुसऱ्या पद्धतीत अनेक दातांचे ब्रोच एका ओढीत सगळ्या खाचा पाडते. तिसऱ्या पद्धतीत अतिशय कठीण धातूची गुंडी नळीतून ओढतात. ती कापत नाही, दाबून खाच उठवते. चौथ्या पद्धतीत नळीच्या पोटात उलट्या पिळाचा दांडा घालून बाहेरून हातोड्यांचा मारा करतात, आणि नळी त्या दांड्यावर अंग धरते. पोळपाटावरची नक्षी पोळीवर उठावी तसे.

पद्धत कुठलीही असो, प्रश्न एकच. आतले अंग कसे निघाले? टूल बोथट झाले असेल, तेल कमी पडले असेल, तर आत आडवे ओरखडे राहतात. गोळीवरचे तांबे त्या ओरखड्यांत घासून बसते. थर साचत जातो, नेम बिघडत जातो. बाहेरून नळी आरशासारखी असली तरी उपयोग काय? म्हणून नळीत बारीक दुर्बीण घालून आतून तपासतात.

दुसरी नाजूक जागा म्हणजे नळीचे मागचे दार. त्याला बोल्ट म्हणतात. काडतूस आत गेल्यावर बोल्ट मागून ते घट्ट धरून ठेवतो. काडतूस आणि बोल्ट यांच्यातली फट ठरलेल्या मापातच हवी. फट जास्त झाली तर बार उडताना पितळी टोपण ताणून फाटू शकते, आणि तो जळता वायू मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. फट कमी झाली तर जराशी धूळ बसली की दार लागतच नाही. हे तपासायला दोन गेज असतात. 'गो' गेज घातले तर दार लागलेच पाहिजे. 'नो-गो' घातले तर लागता कामा नये. या दोन तुकड्यांच्या मधे सैनिकाचा चेहरा असतो.

कुणाचाही भाग कुणालाही

गेज हा शब्द आज आपल्या प्रत्येक कारखान्यात रुळला आहे. त्याला वळण लागले ते बंदुकीच्या कारखान्यांत. पूर्वी प्रत्येक बंदूक कारागीर एकटा घडवी. घोडा मोडला की त्याच कारागिराकडे जावे लागे, कारण दुसऱ्या बंदुकीचा घोडा बसतच नसे. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँ नावाच्या बंदूककाराने १७८५ मध्ये वेगळीच करामत दाखवली. सुटे भाग ढिगातून हाताला येतील तसे उचलायचे आणि जोडायचे. बंदुकीची कळ तयार! पाहणाऱ्यांत अमेरिकेचे वकील थॉमस जेफर्सन होते. त्यांनी लगेच मायदेशी कळवले.

अमेरिकेत एली व्हिटनी यांनी १७९८ मध्ये दहा हजार बंदुका दोन वर्षांत देण्याचा करार केला. शेवटची बंदूक १८०९ मध्ये हाती आली. दरम्यान १८०१ मध्ये त्यांनी पुढाऱ्यांसमोर भाग अदलाबदल करून दाखवले आणि वाहवा मिळवली. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या बंदुका उघडून पाहिल्या, तर भाग एकमेकांत नीट बसत नव्हते. दाखवायचे वेगळे आणि द्यायचे वेगळे, ही तक्रार आजची नाही. त्याच देशात जॉन हॉल यांनी मात्र गाजावाजा न करता, गेजमागून गेज बनवत, १८२० च्या दशकात आपल्या रायफलचे भाग खरोखर एकमेकांत बसवून दाखवले.

इंग्लंडातले जोसेफ व्हिटवर्थ तर आपल्या वर्कशॉपवाल्यांच्या घरचेच. जुने फिटर अजून 'व्हिटवर्थ आटे' म्हणतात. आट्यांचे माप सगळीकडे एकच असावे, ही योजना त्यांनी १८४१ मध्ये मांडली. याच गृहस्थांनी पुढे षटकोनी नळीची रायफल बनवली. ती इतकी अचूक होती की १८६० मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजीचे उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने तिने बार काढून केले. पण सैन्याने ती सरसकट घेतली नाही. किंमत जास्त, आणि बारीक नळी काजळीने लवकर चोंदे. अचूकता कुठे किती हवी, हेही कळावे लागते.

चकाकी आणि फिनिशिंग

मामेभावाने मला जे समजावले त्यातले हेच मर्म होते. "लोकांना वाटतं, चमकलं म्हणजे फिनिशिंग. चमक तर बफ मारून पाच मिनिटांत येते की."

मग फिनिशिंग म्हणजे काय? ड्रॉइंगमध्ये ज्या अंगाला जेवढे गुळगुळीत सांगितले आहे, तेवढे. कमी नको, आणि उगाच जास्तही नको. रायफलच्या बाहेरच्या अंगावर कटरच्या खुणा राहिल्या तर दिसायला ओबडधोबड वाटेल, काम अडणार नाही. पण सरकणाऱ्या अंगावर, कुलपाच्या दातावर, ट्रिगरच्या टोकावर तशी खूण राहिली तर अडेल किंवा झिजेल. एके जातीच्या रायफलविषयी सगळे म्हणतात की ती सैल असते, म्हणून चिखलातही चालते. ते खरे. पण ती सैल जागा आळसाने राहिलेली नाही. ती मोजून ठेवलेली आहे. त्याच रायफलच्या नळीला आतून कठीण क्रोमचा मुलामा देतात, म्हणजे उष्णता आणि गंज सोसवतो. या मालिकेतली एके-२०३ आता उत्तर प्रदेशात कोरवा येथे बनते. सहा लाखांहून अधिक नगांचा करार २०२१ मध्ये झाला.

रंगाचेही असेच. रायफलचे लोखंड काळे किंवा करडे दिसते ते रुबाबासाठी नाही. काळपटी चढवणे किंवा फॉस्फेटचा थर देणे हे गंजापासून राखण्यासाठी. फॉस्फेटचा थर किंचित खरखरीत असतो, तेल धरून ठेवतो, आणि उन्हात चमकत नाही. चकाकणारी बंदूक घेऊन पहारा कोण करील?

मग येते 'बर'. लोखंड कापले की कडेला बारीक टोकदार पापुद्रा राहतो, त्याला वर्कशॉपमध्ये बर म्हणतात. तो कानशीने, पॉलिश पेपरने, कधी नुसत्या हाताने काढावा लागतो. मशीन लाखो रुपयांचे असते आणि शेवटचा बर काढायला दोन रुपयांचा पेपर आणि एक चांगला माणूस लागतो. बर राहिला की भाग पुरता बसत नाही, किंवा बसतो आणि महिन्याने सुटून दुसऱ्या भागात अडकतो.

मापाची गंमत तर वेगळीच. मामांच्या पिढीत 'सूत' म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तोंडचे माप होते. आता बोलणे मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे. एवढ्या बारीक मापात लोखंडही माणसासारखे वागते, उन्हाने फुगते. म्हणून जगभर मापाचे तापमान २० अंश सेल्सिअस ठरलेले आहे. सुरतेच्या मे महिन्यात मशीनवरून उतरलेला गरम जॉब लगेच मोजला तर तो खोटे बोलतो. त्याला मापघराच्या गारव्यात निवू द्यावे लागते. "घाईचं माप आणि रागातलं बोलणं, दोन्ही चुकतं," हे मामांचे वाक्य.

सुरतेला हे सांगायला नको. येथे गल्लोगल्ली 'घंटी'वर, म्हणजे फिरत्या चाकावर, हिरे घासले जातात. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू येथेच पडतात. हिऱ्याची जी पूड उरते, तशीच हिऱ्याची पूड कठीण पोलाद घासायच्या चाकांतही वापरतात. हिरा घासणारा चमक विकतो आणि लोखंड घासणारा माप विकतो, एवढाच फरक.

लहान भाग, मोठी गोष्ट

लहान भागाने मोठे काम कसे अडते, याचे दाखले दूर शोधायला नकोत. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने आराखडा केलेली इन्सास रायफल १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या जवानांच्या हाती होती. तेव्हा कडाक्याच्या थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी पुढे आल्या. मॅगझिन म्हणजे गोळ्यांचा डबा. रायफलच्या किमतीच्या मानाने ती कितीशी वस्तू? पण ती फुटली की रायफलची काठी होते.

दुसरा दाखला 'धनुष' तोफेचा. जबलपूरला बनणाऱ्या या तोफेसाठी पुरवलेले बेअरिंग जर्मन म्हणून दिले, प्रत्यक्षात ते चिनी होते, असा आरोप ठेवून सीबीआयने २०१७ मध्ये गुन्हा नोंदवला. आरोपाचा निवाडा कोर्टाने करायचा. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे की बेअरिंगवर कोरलेले नाव आणि बेअरिंगचा खरा वंश या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. म्हणून आता कागद मागतात. पोलादाच्या सळईपासून तयार भागापर्यंत, कुणी कापले, कुणी तापवले, कुणी मोजले, याची वंशावळ प्रत्येक भागाबरोबर जाते.

पण कागद तरी कोण लिहितो? माणूसच ना?

लाल रंगाची गोष्ट

आता ती पिन.

मामेभाऊ तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. मामा ज्या कारखान्यात तपासनीस होते, त्याच कारखान्यात तो अप्रेंटिस लागला. कारखान्याचे नाव सांगायचे कारण नाही. दोनशे पिनांची ऑर्डर होती. लष्कराची नव्हे, पंपाची. पिनेला एक पायरी होती, आणि त्या पायरीच्या आतल्या कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची गोलाई ठेवायची होती. रात्रपाळीत टूलचे टोक तुटले. मुलाने दुसरे टोक लावले, जास्त अणकुचीदार. चाळीस पिना तशाच कापल्या. लांबी बरोबर, जाडी बरोबर, व्हर्निअरला काहीच कळेना. उलट कोपरा आणखी रेखीव दिसत होता.

सकाळी मामांनी रेडियस गेज लावले. कोपरा टोकदार. आता हे कुणालाही वाटेल की त्यात काय एवढे? पण लोखंडाला चीर पडते ती अशाच टोकदार आतल्या कोपऱ्यातून. साडी फाटते ती जिथे आधीच कातर लागली असेल तिथून, तसे. भार पडत राहतो आणि एके दिवशी पिन तिथूनच तुटते. आणि हे दुरुस्तही करता येत नाही. कापलेले लोखंड परत चिकटत नाही.

मालक म्हणाले, "कोण बघतंय? चाळीसच आहेत. मिसळून टाका." त्या दिवशी माल पोचला नाही तर ऑर्डर जाणार होती. मामांनी ब्रश घेतला आणि चाळीसच्या चाळीस पिनांना लाल रंग लावला. एकदा लाल रंग लागला की त्या पिना मालात मिसळता येत नाहीत. मुलाच्या हातच्या पहिल्या मोठ्या कामावर बापाने सगळ्यांसमोर लाल रंग फासला.

ऑर्डर गेली. ओव्हरटाइम बंद झाला. पुढच्या वर्षी मामांनी ती नोकरीही सोडली. मालकांना उपरती झाली, त्यांनी मामांना परत बोलावले, असे काही घडले नाही. बापलेक आठ दिवस बोलत नव्हते. मामी दोघांना वेगवेगळे वाढत होती.

"मग बोलले कसे?" मी मामीला विचारले.

"शेजारचा पोरगा सुट्टीवर आला होता पलटणीतून," मामी म्हणाली. "मराठा लाईट इन्फंट्रीतला. ह्याच्याच वर्गातला की तो. जेवायला बसला. बोलता बोलता म्हणाला, काकू, आम्ही रायफल रोज खोलतो, पुसतो, जोडतो. पण ती ज्यानं बनवली त्याला आम्ही कधी बघत नाही. नुसता विश्वास ठेवतो. एवढंच म्हणाला बघ. हा जेवता जेवता उठला, बाहेर गेला. रात्री त्यातली एक पिन घेऊन आला आणि फळीवर ठेवली. तेव्हापासून आहे."

बेळगावकरांना हे समजावून सांगायला नको. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात. सकाळी रंगरूट पळताना दिसतात आणि त्याच वेळी उद्यमबागेकडे डबे घेऊन सायकली निघतात. कितीतरी घरांत एक भाऊ पलटणीत आणि दुसरा लेथवर आहे. सीमेवरच्या भावाची चिंता आपण उघड करतो, देवाला नारळ ठेवतो. लेथवरचा भाऊ काय कापतो, कसे मोजतो, याची चौकशी घरात कोण करते? त्याचा पगार विचारतो, एवढेच.

याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली म्हणतात. तो विकला गेला तो जाहिरातीने नाही, शेतात टिकला म्हणून. कोल्हापूर, किर्लोस्करवाडी, बेळगाव, हुबळी या पट्ट्याला लोखंडाची जी अक्कल आहे ती अशी पिढ्यापिढ्यांनी आली आहे. आता हत्तरगीजवळ विमानाचे भागही बनतात. कामे वाढतील. पण लेथवर उभे राहणारी मुले मिळत नाहीत, ही तक्रार सुरतेत ऐकली आणि येथेही ऐकते. आयटीआयला जाणाऱ्या मुलाला 'शिकला नाही म्हणून गेला' असे आपणच म्हणतो ना?

निघताना

निघायच्या दिवशी मामेभाऊ रात्रपाळीहून आला. हातांना कूलंटचा वास. बोटांच्या चिरांत काळे. हात धुऊन, पुन्हा धुऊन, मग त्याने मुलीला घेतले. मी सहज म्हटले, "हिला काय करणार? डॉक्टर?"

"जे होईल ते होऊ दे. आमच्या मापघरात दोन मुली आहेत, ताई. एक नंबर काम. मशीनपेक्षा त्यांच्या सहीला आम्ही घाबरतो."

मामा पहिल्यांदाच बोलले. "सही करायला शिकव. आणि नाही म्हणायलाही शिकव."

मामी आतून डबा घेऊन आली. तिने कानडीत पुटपुटले, "कै केसरादरे बायि मोसरु." हात चिखलात माखले तर तोंडात दही. आपल्या घरांत ही म्हण दोन्ही भाषांत पाठ आहे. मुलाच्या काळ्या बोटांकडे पाहून ती म्हणाली, आणि दहीभाताचा डबा माझ्या हातात दिला.

गाडीत बसल्यावर मी डबा उघडला. स्टीलचा जुना डबा, पण झाकण कसे टच्च बसले होते. कुणीतरी कुठेतरी ते नीट कापले होते, कडेचा बर काढला होता. इतक्या वर्षांत माझे बोट कधी कापले नाही, आणि तो कोण, हे मी कधी विचारले नाही.